डिकीत काय ठेवणार?

गेले दोन महिने आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच विषय चघळला जातोय. पन्नाशीला आलेल्या माणसाने तीस वर्षं जुनी गाडी का घ्यावी, आणि घ्यायचीच हौस असेल तर ती मागून अँब्युलन्ससारखी दिसणारी का घ्यावी? साताऱ्याच्या मेव्हण्याने तर फोटो बघून "दाजी, सायरन वेगळा घ्यावा लागतो का?" असं विचारलं. पुण्याच्या आत्याचं म्हणणं, तेवढ्या पैशात धाकट्याचं शिक्षण बघ. पुतण्याला फक्त आकडे हवेत. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करून अंगठे दुखायला लागले, तेव्हा म्हटलं एकदाच काय ते सविस्तर लिहून टाकू. (आत्या, धाकट्याच्या शिक्षणाचे पैसे वेगळे आहेत. त्यांना हात लावलेला नाही.)

तर प्रश्न असा: ऑडी आरएस-२ अवांत की व्होल्वो ८५० टी-५आर?

दोन्ही १९९४-९५ च्या. दोन्हींना पाच सिलिंडरचं टर्बो इंजिन. दोन्ही गाड्यांना कुठे ना कुठे पोर्शचा हात लागलेला. आणि दोन्ही स्टेशन वॅगन. टी-५आर सेडानमध्येही मिळायची, पण मी बोलतोय ती वॅगनबद्दल. नव्वदच्या दशकात वेडावलेल्या युरोपातल्या माझ्या वयाच्या लोकांना रात्री दोन वाजता उठवून विचारलं तरी या दोन्हींतली एक निवडून ते परत झोपतील. मला मात्र दोन महिने लागले.

आधी वॅगनबद्दल दोन शब्द, कारण आपल्याकडे या प्रकाराची फारशी ओळख नाही. टाटांनी १९९२ मध्ये 'इस्टेट' आणली होती, २००४ मध्ये 'इंडिगो मरिना' आणली. गाड्या वाईट नव्हत्या, पण आपल्या लोकांच्या डोळ्यांना मागे डिकीचा डबा वेगळा दिसल्याशिवाय 'कार' घेतल्यासारखं वाटत नाही. आणि जादा सामान असेल तर टपावर कॅरिअर आहेच की! इथे जर्मनीत उलट. घराघरात वॅगन. कुत्रा, बाबागाडी, सायकल, स्की, बिअरचे क्रेट, आयकियाचं न जोडलेलं कपाट, सगळं मागे. वॅगन म्हणजे इथला बाप-माणूस. साधा, उपयोगी, थोडासा कंटाळवाणा.

आता कल्पना करा, की या कंटाळवाण्या बाप-माणसाने एका सकाळी ऑलिंपिकच्या शंभर मीटरमध्ये नाव दिलं. तशी या दोन गाड्यांची गोष्ट आहे.

पहिली गोष्ट माझ्या घरापासून लोकलने थोड्या अंतरावर घडली. झुफनहाउझन हे स्टुटगार्टचं एक उपनगर, आणि पोर्शचं घर. आज तिथे काचेचं झगमगीत म्युझियम आहे, पण नव्वदच्या सुरुवातीला पोर्शची अवस्था बिकट होती. गाड्या खपत नव्हत्या, कंपनी तोट्यात होती, कारखान्यातले हात रिकामे होते. मग त्यांनी दुसऱ्यांची कामं घ्यायला सुरुवात केली. शेजारच्या मर्सिडीजसाठी ५००-ई बांधली. आणि ऑडीबरोबर आरएस-२.

काम कसं चालायचं ते ऐका. इंगोलश्टाटहून ऑडी ८० अवांतचा सांगाडा झुफनहाउझनला यायचा आणि पोर्शचे कामगार तिथे गाडी उभी करायचे. ऑडीकडे एस-२ नावाची वेगवान गाडी होतीच, २.२ लिटरचं इंजिन, २३० अश्वशक्ती. पोर्शने तिला मोठा टर्बो दिला, मोठे इंजेक्टर, मोठा इंटरकूलर, वेगळा कॅमशाफ्ट दिला आणि इंजिन ३१५ अश्वशक्तीवर नेलं. ब्रेक पोर्शचे, चाकं पोर्शची, आरसे पोर्शचे. गाडीच्या मागच्या बिल्ल्यावरही 'आरएस-२' खाली बारीक अक्षरात पोर्श लिहिलेलं. चारही चाकांना ताकद, सहा गिअर, आणि ते हातानेच टाकायचे. ऑटोमॅटिक नाहीच.

परिणाम? शून्य ते शंभर साडेपाच सेकंदांच्या आत, आणि कमाल वेग ताशी २६२ किलोमीटर. 'ऑटोकार' या ब्रिटिश साप्ताहिकाने चाचणी घेतली तेव्हा शून्य ते तीस मैलांना १.५ सेकंद लागले. त्या काळातल्या मॅक्लारेन एफ-१ पेक्षा कमी! पुढे मॅक्लारेन निघून जाणार हे उघड आहे. पण सिग्नल सुटल्यावरच्या पहिल्या दीड सेकंदात मागच्या सीटवर दप्तरं टाकलेली गाडी जगातल्या सगळ्यात वेगवान गाडीच्या पुढे होती, हे वाक्य मला अजून पाठ आहे.

मार्च १९९४ ते जुलै १९९५ एवढ्याच काळात त्या बनल्या. साधारण २,९०० गाड्या. बस्स. ऑडीच्या 'आरएस' घराण्यातली ही थोरली. आजच्या आरएस-६ वगैरे सगळ्या तिच्या पोटच्या.

दुसरी गोष्ट स्वीडनची. व्होल्वोचं माहेर गोथेनबर्ग. सुरक्षित, टिकाऊ, चौकोनी आणि प्राध्यापकांची गाडी, अशी त्यांची ख्याती. १९९१ मध्ये त्यांनी ८५० आणली, १९९३ मध्ये तिची वॅगन आली. पुढची चाकं ओढणारी, इंजिन आडवं बसवलेलं. बाजूने धडक बसली तर जीव वाचावा म्हणून दाराच्या बाजूची सगळी रचना विचारपूर्वक केलेली. १९९५ च्या मॉडेलपासून बाजूच्या एअरबॅगही आल्या, जगात पहिल्यांदा. म्हणजे गाडी उत्तम. पण तरुण पोरांनी भिंतीवर पोस्टर लावावं अशी? छे!

मग त्यांनी एक अजब गोष्ट केली. १९९४ मध्ये ब्रिटनच्या टूरिंग कार शर्यतींत, टॉम वॉकिन्शॉ यांच्या टीमबरोबर, त्यांनी चक्क वॅगन उतरवली. रिकार्ड रिडेल आणि यान लामर्स हे चालक. लोकांना वाटलं चेष्टा आहे. बाकीच्या टीम कुरकुरायला लागल्या, तर व्होल्वोवाल्यांनी प्रेक्षकांसमोरच्या फेरीत गाडीच्या मागे एक मोठं खेळण्यातलं कोली कुत्रं बसवून फिरवलं! वर्षभरात सगळ्यात चांगला नंबर आला तो पाचवा. पुढच्या वर्षी नियम बदलले आणि ते सेडानवर गेले. पण वॅगनने दोन चाकांवर झुकत वळण घेतलेला तो फोटो जिंकणाऱ्या गाड्यांपेक्षा जास्त लोकांच्या लक्षात राहिला. (शर्यतीतल्या गाडीला टर्बो नव्हता बरं का. नियमाप्रमाणे दोन लिटरचं साधं इंजिन होतं. पुतण्या विचारणार, म्हणून आधीच सांगतो.)

त्या हवेत १९९५ च्या मॉडेलची टी-५आर आली. २.३ लिटर, पाच सिलिंडर, टर्बो, २४० अश्वशक्ती. इंजिन आणि गिअरबॉक्स जुळवताना व्होल्वोनेही पोर्शची मदत घेतली होती. वेगाला २५० वर लगाम. शून्य ते शंभर सात सेकंदांच्या आसपास. आणि रंग? पहिली खेप पिवळी. आमरसात दूध जास्त झालं की जो रंग येतो ना, अगदी तो. मागाहून काळ्या आणि गडद हिरव्या आल्या.

आता तुलना. कागदावर तुलना करायची तर इथेच थांबायला हवं, कारण ऑडीला ७५ अश्वशक्ती जास्त, दोन चाकं जास्त ताकदीची, एक गिअर जास्त. सामना एकतर्फी. पण गाडी कागदावर कुठे चालवायची असते?

दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे, ती म्हणजे आवाज. हे साताऱ्याला आमच्या सासऱ्यांना, म्हणजे अप्पांना, फोनवर समजावताना मजा आली. अप्पा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, निवृत्त होऊन वीस वर्षं झाली.

"पाच शिलिंडर?" अप्पा म्हणाले. "आमच्या लेलँडला सहा. जावईबापू, तुमचं सहावं कुनी नेलं?"

मी सांगितलं, क्रँकच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, पाच स्फोट. दर १४४ अंशांना एक. त्यामुळे एक स्फोट संपतो न संपतो तोच दुसरा सुरू होतो, आणि क्रम १-२-४-५-३ असा. म्हणून आवाज सरळ येत नाही, थोडा लंगडत, गुरगुरत येतो. अप्पा क्षणभर गप्प. मग म्हणाले, "म्हंजे चालताना जरा लंगडतंय, पर जोमात हाय. माज्यासारखं." आणि खळखळून हसले.

अप्पांच्या खुब्याचं हाड दोन वर्षांपूर्वी मोडलं. ऑपरेशन झालं, पण आता घरात वॉकर आणि बाहेर व्हीलचेअर. हे आत्ता सांगतोय, कारण पुढे लागणार आहे.

आरएस-२ मी एका जुन्या सहकाऱ्याची चालवली. निळी, तोच तो प्रसिद्ध निळा. तीन हजार आरपीएमच्या खाली ती अगदी साधी ऑडी ८० असते. तुम्हाला वाटतं, हिचंच का एवढं कौतुक? मग टर्बो जागा होतो आणि मागून कुणीतरी धक्का दिल्यासारखं होतं. धक्का म्हणजे दादर स्टेशनवर संध्याकाळी सहाच्या विरार लोकलला बसतो तसा. विचारून बसत नाही. पण चारही चाकं रस्त्याला घट्ट धरून असतात, पावसात सुद्धा. स्टीअरिंग जराही ओढत नाही. ब्रेक दाबला की गाडी रस्त्याला चिकटते. खोटं कशाला सांगू, एवढ्या वर्षांत एवढी पूर्ण वाटलेली गाडी मी चालवली नव्हती. उतरल्यावर हात थोडे थरथरत होते.

सहकारी मात्र पूर्ण वेळ शेजारी ताठ बसून होता. रस्त्यावर खडी दिसली की त्याचा पाय आपोआप नसलेल्या ब्रेकवर जायचा. वर्षाला हजारेक किलोमीटर चालवतो म्हणाला. पाऊस असेल तर बाहेर काढत नाही. चारही चाकांना ताकद असलेली, पावसासाठीच जन्मलेली गाडी! मी मागची डिकी उघडून टेप लावून माप घ्यायला लागलो, तेव्हा त्याने विचारलं, "तू हिच्यात काही ठेवणार आहेस?" त्याच्या स्वरात खरी काळजी होती.

टी-५आर उल्मजवळच्या एका निवृत्त शिक्षकांकडे बघितली. पिवळी. २,८०,००० किलोमीटर झालेली. ही खालपासूनच ओढते. टर्बो लहान, त्यामुळे वाट बघावी लागत नाही. पण सगळी ताकद पुढच्या दोनच चाकांवर. दुसऱ्या गिअरमध्ये पाय जोरात दिला की स्टीअरिंग हातातून डावी-उजवी करायला बघतं. दावणीला ओढ देणाऱ्या खोंडासारखं. ओल्या रस्त्यावर तर तिला समजावत न्यावं लागतं. वळणावर ती ऑडीसारखी रुळावरून धावत नाही, थोडी बाहेर जाते, थोडी कलते. पण खुर्च्या! व्होल्वोच्या खुर्च्या म्हणजे खुर्च्या. उंच, रुंद, पाठीला नीट टेकू देणाऱ्या. आरएस-२ ला रेकारोच्या खोलगट सीट आहेत, वळणावर छान धरून ठेवतात, पण उतरताना पन्नाशीच्या माणसालाही आधी एक पाय बाहेर, मग दाराला हात, मग देवाचं नाव असं करावं लागतं.

शिक्षकांनी डिकीत माप घ्यायला हरकत घेतली नाही. उलट स्वतःच मागची सीट पाडून दाखवली. सपाट, चौकोनी, मोठी जागा. मागच्या कडेच्या प्लॅस्टिकवर ओरखडे होते. म्हणाले, "आमचा कुत्रा. चौदा वर्षं इथूनच चढायचा." मधल्या आर्मरेस्टमधून लहान मुलासाठी उंच सीट बाहेर येते, तीही त्यांनी उघडून दाखवली. त्यात बसणारा मुलगा आता स्वतः बाप झालाय.

जमवणाऱ्यांच्या नजरेनेही बघायला हवं, कारण ग्रुपवरच्या एका भाच्याचं म्हणणं की हे सगळं 'इन्व्हेस्टमेंट' म्हणून बघ. ठीक आहे, बघू.

गुंतवणूक म्हणून आरएस-२ जिंकते, वादच नाही. संख्या थोडी, पोर्शचं नाव, घराण्यातली पहिली. अमेरिकेत ती नवी कधी विकलीच गेली नव्हती. तिथे २५ वर्षं झालेली गाडी आणता येते, त्यामुळे २०१९ पासून तिकडचं गिऱ्हाईकही आलं. चांगल्या आरएस-२ च्या किमतीत टी-५आर कित्येक येतील. पण घेताना डोळे उघडे ठेवायला हवेत. साध्या ८० ला किंवा एस-२ ला बंपर-चाकं लावून 'आरएस-२' केलेल्या गाड्या फिरतात, म्हणून चासी नंबर आणि कागदपत्रं आधी, गाडी नंतर. पत्र्याला जस्ताचा मुलामा आहे, तो टिकतो. टर्बोकडचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकू शकतो, तो बघावा. आणि फक्त तिच्यासाठीच बनलेले सुटे भाग मिळाले तर सोन्याच्या भावात.

टी-५आर स्वस्त होती, म्हणून लोकांनी ती मनसोक्त वापरली, पिळली, आणि भंगारात घातली. त्यामुळे चांगली सापडणं हेच कठीण. रोग ठरलेले आहेत. इंजिनचा श्वास सोडणारी नळी तुंबते, मग आत दाब वाढून सील गळायला लागतात. ऑइल भरायचं झाकण काढून इंजिन चालू ठेवलं की धूर दिसतो का ते बघायचं. एबीएसचं इलेक्ट्रॉनिक खोकं रुसतं. किलोमीटर मोजणारं प्लॅस्टिकचं चक्र तुटतं, म्हणजे मीटरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवायच्या आधी सर्व्हिसची वही बघायची. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते विचारायचं, कारण तो तुटला तर व्हॉल्व्ह गेलेच. पण हे सगळं दुरुस्त होतं. पहिल्या व्ही-७० चे आणि साध्या ८५० चे बहुतेक भाग तिला चालतात, आणि ते ढिगाने मिळतात.

म्हणजे हिशोब असा झाला: आरएस-२ ही जास्त चांगली गाडी, आणि जास्त चांगली गुंतवणूक. दोन्ही बाजूंनी तीच. मग दोन महिने कसले लागले?

बायकोमुळे. तिने पहिल्याच दिवशी एकच प्रश्न विचारला होता. "डिकीत काय ठेवणार?"

मला वाटलं टोमणा आहे. पण तिला खरंच विचारायचं होतं. वॅगन घेतोयस ना? मग मागे काय ठेवणार ते सांग. जर काहीच ठेवणार नसशील, तर दोन दारांची घे, फोटो छान येतील. आणि ठेवणार असशील, तर काय ते सांग.

मी बराच विचार केला आणि माझ्या लक्षात आलं की या दोन गाड्यांतली खरी स्पर्धा वेगाची नाहीच. दोघींना सामान ठेवायची जागा घेऊनच वेगवान व्हायचं होतं, हीच तर त्यांची गंमत. कपाट, कुत्रा, पोरं मागे आणि तरीही पुढच्या पोर्शला घाम. पण आरएस-२ इतकी मौल्यवान झाली की तिची जागा रिकामी झाली. आज तिच्यात कुणी कुत्रा चढवणार नाही, बिअरचा क्रेट ठेवणार नाही, ओली छत्री सुद्धा ठेवणार नाही. जमवणाऱ्यांनी तिला जपलं, हे उपकारच आहेत. नाहीतर आज बघायलाही मिळाली नसती. पण जपता जपता तिचं अर्धं अंग गेलं. मागचं अर्धं. टी-५आरचं अजून शाबूत आहे, ओरखड्यांसकट.

हे अप्पांना सांगितलं. फोनवर आधी शांतता, मग म्हणाले, "जावईबापू, आमच्या डेपोत एक नियम होता. गाडी लाइनवर नसंल तरी दोन दिवसांनी चालू करायची, आवारात एक चक्कर मारायची. उभी ऱ्हायलेली गाडी आन् बसून ऱ्हायलेला मानूस, दोघांचेबी सांधे धरत्यात."

मग त्यांनी विषय बदलला. म्हणजे मला तसं वाटलं. तिकडं आल्प्समध्ये सगळ्यात अवघड घाट कुठला, असं विचारलं. अप्पांचं उभं आयुष्य खंबाटकीत बंद पडलेल्या गाड्या उठवण्यात गेलं. पावसात, रात्री, गाडीखाली झोपून. त्यांना परदेशातलं दुसरं काही बघायचं नाही. आयफेल टॉवर नको, स्वित्झर्लंडचा बर्फ नको. घाट बघायचाय. मी सांगितलं, इटलीत स्टेल्व्हिओ आहे. २,७५७ मीटर उंच, आणि प्राटोकडून चढताना ४८ नागमोडी वळणं, प्रत्येकाला नंबर दिलेला. अप्पांनी "अट्ठेचाळीस" असं हळूच म्हटलं. देवाच्या पायऱ्या मोजल्यासारखं. आणि विचारलं, "वर हवा इरळ आसंल. टर्बो हाय न्हवं? मग चढंल."

अप्पा येत्या जूनमध्ये येणार आहेत, सासूबाईंसह. डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, पण 'पुढच्या वर्षी बघू' हे वाक्य या वेळी कुणी वापरलं नाही. सगळ्यांना कळतंय.

त्या रात्री मी मापांचा कागद काढला. घडी केलेली व्हीलचेअर आरएस-२ मध्ये बसते. आडवी, मागचं झाकण काढून. पण मग दोन मोठ्या बॅगा बसत नाहीत, काच तिरकी उतरते ना! आणि अप्पा त्या खोलगट सीटवर बसतील, पण उठणार कसे? दर दोन तासांनी, प्रत्येक पेट्रोल पंपावर? ८५० मध्ये व्हीलचेअर, वॉकर, दोन बॅगा, सासूबाईंची लाडू-चिवड्याची पेटी, सगळं जातं आणि वर जागा उरते. आणि पुढच्या खुर्चीची उंची अशी, की नुसतं मागे टेकून वळलं की माणूस आत.

बायकोला कागद दाखवला. वडील तिचे. ती काही बोलली नाही, फक्त कागदावर "व्हीलचेअर" लिहिलेल्या ओळीवरून बोट फिरवलं आणि चहा करायला गेली. आमच्या घरात ठराव असाच पास होतो.

तर मंडळी, गेल्या शनिवारी पिवळ्या टी-५आरचा इसार दिला. टायमिंग बेल्ट आणि ती तुंबणारी नळी पहिल्या आठवड्यातच बदलून घेणार. जर्मनीत तीस वर्षं पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात राखलेली गाडी 'ऐतिहासिक' म्हणून नोंदवता येते. नंबर प्लेटच्या शेवटी 'एच' लागतो आणि कर वर्षाला १९२ युरोच्या आसपास ठरलेला. तिची तपासणी पुढच्या महिन्यात. ती पास झाली की आत्याला सांगता येईल, जुनी नाही गं, ऐतिहासिक आहे!

आणि पुतण्या, तू विचारलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तर: आरएस-२ जास्त चांगली. कुठे दिसली तर थांब, दोन मिनिटं बघ, पण टेकू नकोस, मालकाचा जीव वरखाली होतो. आणि जूनअखेरीला स्टेल्व्हिओच्या बाजूला कुणी असाल, आणि आमरसाच्या रंगाची एक चौकोनी गाडी वळणं मोजत सावकाश वर येताना दिसली, तर हात करा. पुढच्या खुर्चीवरचे म्हातारे गृहस्थ इंजिनचा आवाज ऐकण्यात गुंग असतील, पण मागे बसलेल्या सासूबाई नक्की हात करतील. लाडूही देतील.